मेटल २, सल्पेट १००

आजीच्या फडताळात एक वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तशी. तीत उडदाच्या पापडांचं प्रमाण आहे, लिंबाच्या लोणच्याचं आहे, १९६४ सालच्या भिशीचा हिशोब आहे. आणि लोणचं व भिशी यांच्या मधल्या पानावर या ओळी आहेत:

मेटल २
सल्पेट १००
हायड्रो ५
टाकण २
पाणी १ लिटर, माठातलं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. तरी हे पान मी कित्येक वर्षं ढेकणांच्या औषधाचं समजत होते.

माझ्या आजोबांचा सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. १९५८ साली सुरू झाला, रंगीत फोटोंच्या लॅब आल्यावर १९९१ साली बंद पडला. पाटीवर आजोबांचं नाव होतं. गावातली लग्नं, शाळेतले ग्रूप फोटो, मयतानंतर भिंतीवर लावायचे मोठे फोटो, सगळं तेच काढायचे. आजी घरात असायची, एवढंच आम्हा नातवंडांना माहीत होतं.

मग दोन वर्षांपूर्वी कोडॅकच्या जुन्या फॉर्म्युल्यांची यादी वाचताना एका ओळीवर मी थांबले. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, पाणी एक लिटरपर्यंत. डी-७६. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा जगातला बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध डेव्हलपर. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकच्या प्रयोगशाळेत जन्मलेला. आणि तो आजीच्या अक्षरात, लिंबाच्या लोणच्याशेजारी.

मी फोन करून विचारलं, "आजी, त्या वहीतलं मेटल म्हणजे मेटॉल का गं?"

"मग काय पितळ?" आजी म्हणाली. "फिल्म धुवायचं औषध ते. मीच तर कालवायचे."

चार अणूंचं विरजण

आपल्यापैकी बहुतेकांनी फोनशिवाय फोटो काढलेला नाही, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

फिल्म म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्यात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण. कॅमेऱ्याचं झाकण क्षणभर उघडतं, प्रकाश आत येतो आणि काही कणांवर पडतो. त्या कणांच्या पृष्ठभागावर चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. मोजके म्हणजे अगदी चार-पाच. हे डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. फोटो काढला गेलेला असतो, पण फिल्म होती तशीच पिवळट दिसते. याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

डेव्हलपरचं काम इथे सुरू होतं. डेव्हलपर म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं रसायन. ते इलेक्ट्रॉन मिळाले की सिल्व्हर ब्रोमाइडमधल्या चांदीच्या आयनांची धातूरूप, काळी चांदी होते. पण ही क्रिया सगळ्या कणांवर एकदम होत नाही. ज्या कणावर ते चार अणू आधीच बसलेले आहेत, तिथे ती झपाट्याने होते. ते चार अणू म्हणजे विरजण. पातेलंभर दूध लावायला चमचाभर ताक पुरतं, तसं चार अणूंच्या जोरावर शंभर कोटींहून जास्त आयनांचा अख्खा कण चांदी होऊन बसतो. ज्या कणाला विरजण लागलेलं नाही, तो तसाच राहतो आणि पुढे हायपोत विरघळून निघून जातो.

मात्र विरजण न लावलेलं दूधही फार वेळ ठेवलं तर नासतं. तसंच फिल्म जास्त वेळ बुडवली, पाणी गरम असलं किंवा औषध जहाल झालं, तर प्रकाश न लागलेले कणही काळे पडू लागतात. सगळ्या चित्रावर धुकं येतं. म्हणून चांगला डेव्हलपर म्हणजे फरक ओळखणारा डेव्हलपर. असा फरक ओळखणारं रसायन माणसाला सापडलं कसं, याची गोष्ट मी शोधायला लागले आणि पहिल्याच पावलाला बाळगुटीत येऊन पडले.

मायफळ आणि हिराकस

बाळगुटीच्या सहाणेवर जायफळाबरोबर उगाळतात ते मायफळ तुम्ही पाहिलं असेल. नावात फळ असलं तरी ते फळ नाही. ओक जातीच्या झाडाच्या फांदीवर एक छोटी गांधीलमाशी अंडं घालते आणि त्याभोवती झाड एक गाठ तयार करतं. ती गाठ म्हणजे मायफळ. तिच्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. जिभेवर ठेवलं की तोंडाला मिठी बसते ती त्यामुळेच. या टॅनिनपासून गॅलिक आम्ल मिळतं.

इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यात लेकॉक ॲबी नावाच्या घरात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट कागदावर फोटो काढायची खटपट करत होते. चांदीचे क्षार लावलेला कागद कॅमेऱ्यात ठेवायचा आणि प्रकाशानेच तो काळा होईपर्यंत थांबायचं, अशी त्यांची सुरुवातीची रीत होती. त्याला फार वेळ लागे. १८४० सालच्या सप्टेंबरात त्यांनी गॅलिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट यांचं मिश्रण वापरून पाहिलं, आणि ज्या कागदावर काहीच उमटलेलं नव्हतं त्याच्यावर चित्र हळूहळू वर आलं. प्रकाशाचं काम थोडक्यात आटपलं होतं, उरलेलं मायफळाच्या आम्लाने केलं. १८४१ मध्ये टॅल्बटनी या पद्धतीचं पेटंट घेतलं. तिला कॅलोटाइप म्हणतात. गॅलिक आम्ल फोटोसाठी वापरून पाहणारे ते पहिले नव्हते. जोसेफ रीड नावाच्या पाद्र्यांनी आदल्या वर्षीच मायफळाचा अर्क वापरला होता आणि टॅल्बटना ते कळलं होतं.

पुढची दहा वर्षं पाहा. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या शिल्पकाराने काचेवरची ओली कोलोडियन पद्धत जाहीर केली. तिच्यात आधी पायरोगॅलिक आम्ल वापरत, म्हणजे गॅलिक आम्ल तापवून मिळणारा पदार्थ. मग फेरस सल्फेट रूढ झालं. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस.

मायफळ आणि हिराकस. ही जोडी कुठेतरी वाचल्यासारखी वाटते, कारण युरोपात शेकडो वर्षं लिहायची काळी शाई याच दोघांपासून बनत होती. कायदे, करार, प्रेमपत्रं, गणिताच्या वह्या त्याच शाईत लिहिल्या गेल्या. फोटोग्राफीच्या पहिल्या पिढीने दौतीतलीच दोन्ही द्रव्यं उचलली आणि त्यांनी चांदी काळी केली. मला यात योगायोग कमी आणि घरगुतीपणा जास्त दिसतो. नवं तंत्र आलं तेव्हा लोकांनी हाताशी जे होतं तेच वापरून पाहिलं.

मुंबई यात मागे नव्हती. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी. ते ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेले डॉक्टर. औषधं मोजून कालवायची सवय असलेल्या माणसाला ही कला जवळची वाटली असणार, असं मला वाटतं.

कात आणि षट्कोन

आता पानाकडे वळू. खायच्या पानाकडे. त्यातला कात खैराच्या लाकडाचा गाभा उकळून काढतात. आपल्याकडच्या कातकरी समाजाचं नावच या कामावरून पडलं. १८३९ मध्ये हा कात कोरडा तापवून एक नवा पदार्थ मिळवण्यात आला. त्याला कॅटेकॉल हे नाव कातावरूनच मिळालं. १८८० साली तोही डेव्हलपर म्हणून चालतो, असं आढळलं. त्याच वर्षी विल्यम ॲबनी यांनी हायड्रोक्विनोन डेव्हलपर म्हणून पुढे आणलं. आजीचं 'हायड्रो' ते हेच.

मायफळातून निघालेलं पायरो, कातातून निघालेलं कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन या तिघांचा सांगाडा एकच आहे. बेंझीनचा षट्कोन आणि त्याच्या कोपऱ्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. पण जोड्या कुठे बसल्यात याला महत्त्व आहे. शेजारच्या कोपऱ्यांवर असतील तर डेव्हलपर होतो. अगदी समोरासमोर असतील तरी होतो. एक कोपरा सोडून बसल्या असतील तर होत नाही. रिसॉर्सिनॉल नावाचा पदार्थ असा आहे. अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण फिल्मला त्याचा काही उपयोग नाही. शेजारी किंवा समोर बसलेल्या जोड्या सहज इलेक्ट्रॉन सोडतात आणि रेणू नव्या, स्थिर रूपात जातो. एक कोपरा सोडून बसल्या की ती वाटच बंद होते.

हा नियम १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडला गेला. एक, जर्मनीत आग्फा कंपनीत, मोमे आंद्रेसन यांनी. दुसरा, फ्रान्समध्ये ल्योंला फोटोच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याच्या दोन मुलांनी. त्यांचं आडनाव ल्यूमिएर. होय, तेच ल्यूमिएर बंधू, ज्यांचा सिनेमा ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. हलती चित्रं दाखवण्याआधी ते डेव्हलपरच्या रेणूंचे कोपरे मोजत होते.

डोकेदुखीच्या गोळीतला डेव्हलपर

मायफळ आणि कात इथे मागे पडतात. नियम कळला की झाडाची गरज उरत नाही, रेणू कारखान्यात बनवता येतो. आणि षट्कोनी रेणू बनवण्यात तेव्हा जर्मन रंग कारखान्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आग्फा या नावाचा अर्थच मुळी अनिलीन रंग बनवणारी कंपनी असा आहे.

१८९१ मध्ये आंद्रेसन यांनी पॅरा-ॲमिनोफिनॉल या रेणूपासून रोडिनल हा डेव्हलपर बनवला. तो दाट द्रवाच्या रूपात बाटलीत मिळे. एक भाग औषध आणि पंचवीस, पन्नास, कधी शंभर भाग पाणी. वजनकाटा नको, पुड्या नकोत. रोडिनल आजही मिळतं. त्याच वर्षी हाउफ या दुसऱ्या जर्मन कंपनीने मेटॉल बाजारात आणलं. पॅरा-ॲमिनोफिनॉलला एक छोटी शेपटी जोडली की मेटॉलचा गाभा तयार होतो.

पॅरा-ॲमिनोफिनॉल हे नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. माझा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. पॅरासिटामॉल त्याच्यापासूनच बनवतात. गोळीत ते चुकून शिल्लक राहिलेलं नाही ना, हे तपासणं औषधसंहितेने बंधनकारक केलंय आणि ती तपासणी माझ्या टेबलावर होते. सहा वर्षं मी ज्याला अशुद्धी म्हणून पकडत होते, ते सव्वाशे वर्षं जगाचे फोटो धूत होतं.

उलटा प्रवासही होतो. पॅरासिटामॉलच्या गोळ्या कुटून कॉस्टिक सोडा आणि सल्फाइटच्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवल्या तर रेणू तुटून पुन्हा पॅरा-ॲमिनोफिनॉल मिळतं. हौशी लोक असा रोडिनलचा घरगुती भाऊ बनवतात. कॉस्टिक सोडा कातडी भाजतो, तेव्हा हे वाचून लगेच मोरीत प्रयोग करू नका. कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांच्या मिश्रणातही फिल्म धुता येते. कॉफीमधल्या काही आम्लांच्या षट्कोनावर जोड्या शेजारी-शेजारी बसलेल्या आहेत, एवढंच त्याचं गुपित. मायफळाचीच ती लांबची नात.

उरलेलं काम

१८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म आधीच भरलेली. फोटो संपले की कॅमेरा जसाच्या तसा कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, छापून आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत. तुम्ही नुसतं बटण दाबा, बाकीचं आमच्यावर सोपवा, अशी त्यांची जाहिरात होती.

त्याआधी फोटो काढणारा आणि धुणारा माणूस बहुधा एकच असे. ओल्या काचेच्या काळात तर काच वाळायच्या आत धुवावी लागे, म्हणून फोटोग्राफर तंबू आणि बाटल्या बरोबर घेऊन हिंडत. ईस्टमन यांनी कामाचे दोन तुकडे केले. बटण दाबणारा फोटोग्राफर झाला. 'बाकीचं' करणारी माणसं भिंतीआड गेली.

आपल्या सिनेमाची सुरुवातही अशाच एका भिंतीआड झाली. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय येत असे. दादरच्या घरी रात्री अंधारात बसून भोकं पाडायची, रसायनं कालवायची, चित्रित झालेली फिल्म धुवायची, हे सगळं सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि त्यांनी केलं. शिवाय सगळ्या कंपनीचा स्वयंपाक होताच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. शाळेत आम्हाला फाळके होते. सरस्वतीबाईंचं नाव मी शाळेत ऐकल्याचं मला आठवत नाही.

टाकणखाराची जादू

पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारी रसायनं थांबली आणि मेटॉलचा तुटवडा पडला. एका देशाच्या रंग कारखान्यांवर सगळ्या जगाचे फोटो अवलंबून आहेत, हे तेव्हा लख्ख कळलं. कोडॅकने मेटॉल स्वतः बनवायला घेतलं आणि त्याला एलॉन असं नाव दिलं.

त्याच कोडॅकच्या प्रयोगशाळेत १९२६-२७च्या सुमारास जॉन कॅपस्टाफ सिनेमाच्या एका अडचणीवर काम करत होते. मूळ निगेटिव्हवरून प्रत काढली, त्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली, की दर वेळी चित्र रवाळ होत जाई. त्यांना हलक्या हाताचा डेव्हलपर हवा होता. त्यातून डी-७६ आला.

त्यातली प्रत्येक वस्तू एकेक काम करते. मेटॉल कणाला इलेक्ट्रॉन देतं. देऊन झाल्यावर ते निकामी होतं, तेव्हा हायड्रोक्विनोन त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं. या पाण्यात हायड्रोक्विनोन स्वतः फिल्मवर फारसं काही करत नाही, पण त्याच्यामुळे दोघांचा मिळून वेग दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो. सल्फाइट हवेतल्या ऑक्सिजनपासून औषध वाचवतं. त्याआधीचे डेव्हलपर थोड्या वेळात चहासारखे तांबडे होत. १८८२ मध्ये हर्बर्ट बर्कली यांनी सल्फाइटची युक्ती सुचवली. पण १०० ग्रॅम म्हणजे नुसत्या राखणीसाठी लागतं त्याहून खूपच जास्त. एवढं सल्फाइट कणांच्या कडा किंचित विरघळवतं आणि चित्र मऊ, बारीक रव्याचं येतं.

आणि टाकण, म्हणजे टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स. सोनार डाग देताना वापरतो तो. डेव्हलपरला काम करायला पाणी अल्कधर्मी लागतं. धुण्याचा सोडा घातला तर औषध जहाल होतं. टाकणखार पाणी जेमतेम हवं तेवढंच अल्कधर्मी ठेवतो. दोन ग्रॅमचा हा बेत कॅपस्टाफ यांनी छापून मोकळा केला. पेटीत बंद न ठेवल्यामुळे तो सगळीकडे गेला. ब्रिटनच्या इल्फर्डने आयडी-११ या नावाने जवळपास तोच विकला. आजोबांनी मिरजेच्या एका स्टुडिओत उमेदवारी करताना तो उतरवून आणला आणि आजीने वहीत लिहून घेतला.

'सल्पेट' शब्दावर मी अडले होते. सल्फेट घातलं असतं तर औषध दोन दिवसांत वाया गेलं असतं. वहीत खाली आणखी एक ओळ आहे: 'उन्हाळी सल्पेट ४ चमचे, चैत्र ते मृग'. आजीने खुलासा केला. "एक रोजचं सल्पेट, एक उन्हाळी. दोन्ही पांढरीच. उन्हाळीच्या बरणीला मी लाल दोरा बांधायचे." रोजचं म्हणजे सल्फाइट. उन्हाळी म्हणजे खरंच सोडियम सल्फेट. पुस्तकातल्या वेळा वीस अंशांच्या पाण्यासाठी असतात. आमच्या गावी मे महिन्यात नळाचं पाणी तीस अंशांच्या वर जातं, जिलेटिन फुगतं आणि काचेवरून किंवा फिल्मवरून सुटून येतं. पाण्यात सोडियम सल्फेट असलं की ते कमी फुगतं. उष्ण प्रदेशांसाठीच्या डेव्हलपरमध्ये हे घालत असत. माठातलं पाणी ही मात्र आजीची भर.

आजीचे हात

लहानपणापासून आजीची बोटं मला आठवतात. पेरांवर कातडी जाड, भेगाळलेली, हिवाळ्यात त्यातून रक्त यायचं. घरात सगळे त्याला इसब म्हणत. डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला होता. साबण बदलला, मग भांड्यांची पूड बदलली, मग आजीने भांडीच घासायची नाहीत असं ठरलं. स्टुडिओ बंद झाल्यावर काही वर्षांनी भेगा पुष्कळ कमी झाल्या. तोवर कारण विचारायची सवय सगळ्यांची गेली होती.

मेटॉलची माहिती वाचताना दुसऱ्याच परिच्छेदात मला ते कारण भेटलं. मेटॉलने होणारा त्वचारोग फोटोग्राफरांमध्ये इतका माहितीचा होता की जुन्या पुस्तकांत त्याची वेगळी सूचना असते. एकदा अंगाने मेटॉल ओळखलं की पुढे थोडंसं लागलं तरी कातडी उठते. आजी ट्रेमध्ये फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून झोपाळ्यासारखी खालीवर करायची. दर रोलला आठ-दहा मिनिटं. तेहेतीस वर्षं. हातमोज्यांशिवाय.

यावर उपाय निघालेला होता. १९४० मध्ये इल्फर्डच्या प्रयोगशाळेत फेनिडोन या रेणूचा डेव्हलपर म्हणून उपयोग कळला. तो मेटॉलच्या साधारण दहावा हिस्सा पुरतो आणि हातांना सहसा त्रास देत नाही. १९५०च्या दशकात तो बाजारात होता. म्हणजे आजीने पहिला रोल धुतला, तेव्हा तिच्या हातांसाठीचं उत्तर जगात तयार होतं. ते आमच्या तालुक्यापर्यंत आलं नाही. फॉर्म्युला आला, त्याच्याबरोबरची सूचना आली नाही. मला अजून राग कुणावर काढावा ते कळत नाही. मी दिवसभर लोकांच्या गोळ्यांतली अशुद्धी शोधते आणि आमच्याच घरातली मला तीस वर्षं दिसली नाही.

मी आजीला हे सांगितलं. ती थोडा वेळ हात बघत बसली. "ह्यांना तरी सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "ते म्हणायचे तू विम फार वापरतेस."

बारा फोटो

आजोबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एक रोल अडकून राहिला होता. किती वर्षं, कुणालाच माहीत नाही. एका नावाजलेल्या लॅबने तो घ्यायला नकार दिला, दुसऱ्या लॅबने घेतला आणि न धुताच परत केला. मग दिवाळीत आजी म्हणाली, आपण धुऊ.

मी मेटॉल, हायड्रोक्विनोन आणि सल्फाइट मागवलं. टाकणखार सोनाराकडून आणला. वहीत आणखी एक ओळ होती, 'जुना माल, ब्रोमाइड चिमूट'. पोटॅशियम ब्रोमाइडने धुकं आवरतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आजीला वहीतून.

रात्री अकरा वाजता मोरीचं दार बंद केलं, फटींना चादर लावली. आत मी, नायट्राइलचे हातमोजे घालून. बाहेर खुर्चीवर शहाऐंशी वर्षांची आजी. आमच्या काळच्या फिल्मला लाल दिवाही चालत नाही, घड्याळ दिसायचं नाही, म्हणून ती रामरक्षेवर वेळ मोजायची. एक पुरी आणि एक अर्धी. दाराबाहेरून तिचा आवाज येत होता, मधूनच थांबून "हळू, हिंदकळू देऊ नकोस," आणि पुन्हा पुढचा श्लोक.

बारापैकी सात फोटो धुक्यात गेले. पाच दिसले. एसटी स्टँड. पाटी धरलेला माझा बाबा, वय सहा-सात. एक म्हैस. पुन्हा तीच म्हैस. आणि आमचं परसू. दोरीवर धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या चिमट्यांनी टांगलेल्या आहेत आणि चौकटीच्या उजव्या कडेला एक हात चिमटा लावतोय. कोपरापर्यंत. काचेच्या बांगड्या आहेत. चेहरा फोटोबाहेर.

मी तो मोबाइलवर उलटा करून, उजळवून आजीपुढे धरला. तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि निगेटिव्हच उचलून ट्यूबलाइटसमोर धरलं. तिला काळ्याचं पांढरं करून बघायला यंत्र लागत नाही.

बराच वेळ तिने त्या हाताकडे पाहिलं. मग कडेला बोट दाखवून म्हणाली, "इथे पाण्याचे डाग राहिलेत. नीट खंगाळलं नाहीस तू."

मी पुन्हा मोरीत गेले आणि पट्टी स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं धुतली. मग वही काढली आणि त्या पानाच्या खाली तारीख, पाण्याचं तापमान आणि वेळ लिहिली. शेवटची ओळ आजीने सांगितली नव्हती, मी घातली: हातमोजे घालणे.